पत्ता आधी, पोस्ट नंतर

वाचनकट्ट्याचं तुझं ॲप आता उभं राहिलंय. सभासद पुस्तकं नोंदवतात, परीक्षणं लिहितात, एकमेकांना उत्तरं देतात. आता ही परीक्षणं मॅस्टोडॉनवरच्या माणसांनाही वाचता यावीत, त्यांना तिथे बसूनच आपल्या सभासदांना फॉलो करता यावं, असं तुझ्या मनात आलंय. विचार चांगला आहे. त्यासाठी चार गोष्टी तुला आत्ताच सांगून ठेवते, कारण यातल्या काही चुका नंतर दुरुस्त होत नाहीत.

ऑर्कुटवर आपल्या माणसांनी किती लिहिलं होतं! 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं. गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये गेलं. कू तर आपल्याच देशातलं, मराठीत लिहू देणारं. जुलै 2024 मध्ये तेही बंद करायचं ठरलं. दर वेळी माणसं नव्या ठिकाणी पुन्हा अनोळखी होऊन उभी राहिली. जमवलेला गोतावळा कंपनीच्या सर्व्हरवर होता, आणि सेवा बंद झाली तसा तोही गेला.

यावर जी पद्धत रुजली तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 23 जानेवारी 2018 ला तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. मॅस्टोडॉन, पिक्सेलफेड, पीअरट्यूब आणि पुस्तकप्रेमींचं बुकवर्म हे सगळे याच पद्धतीने आपसात बोलतात. सर्व्हर वेगळे, मालक वेगळे, तरी एकीकडचा माणूस दुसरीकडच्याला फॉलो करू शकतो. आपल्याकडे मॅस्टोडॉनचं नाव बऱ्याच जणांनी नोव्हेंबर 2019 मध्ये ऐकलं. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं तेव्हा बंद केलं गेलं होतं, आणि निषेध म्हणून अनेकांनी तिकडे खाती उघडली होती.

तुझं ॲप टाइपस्क्रिप्टमध्ये आहे, म्हणून फेडिफाय हे किट घे. दक्षिण कोरियाच्या होंग मिन्ही यांनी ते सुरू केलं, ते मुक्तस्रोत आहे, नोड, डीनो आणि बन या तिन्हींवर चालतं. घोस्ट या प्रकाशन-सॉफ्टवेअरने ॲक्टिव्हिटीपब आणलं ते याच्याच आधाराने. वेबफिंगर (म्हणजे नावावरून खात्याचा पत्ता शोधून देणं), सह्या करणं, सह्या तपासणं, पोचवताना अडलं तर पुन्हा प्रयत्न करणं ही किचकट कामं किट सांभाळतं. ती हाताने लिहायच्या फंदात पडू नकोस. किटने जे सोडलंय, म्हणजे निर्णय, ते मात्र तुझे आहेत, आणि मी बोलणार आहे ते त्यांच्याबद्दल.

सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तुझ्या डेटाबेसमध्ये आहे तोवर काहीही बदलता येतं. एकदा ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर पोचलं की तुझा हुकूम संपतो, उरते ती विनंती. म्हणून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट, पत्ता असो, किल्ली असो की पोस्ट, जाण्याआधी पक्की कर.

डोमेन निवडताना घाई नको

फेडिव्हर्समध्ये, म्हणजे असं आपसात बोलणाऱ्या सर्व्हरांच्या जगात, माणसाची ओळख म्हणजे त्याचं हँडल: नाव आणि त्यापुढचं डोमेन. डोमेन गेलं की ओळख गेली. याचे दाखले ताजे आहेत. जुलै 2023 मध्ये माली देशाने डॉट एमएल डोमेन परत घेतली, तेव्हा एफएमएचवाय नावाचा लेमी सर्व्हर (लेमी हेही ॲक्टिव्हिटीपबवर चालणारं सॉफ्टवेअर) आपल्या पत्त्याला मुकला. फेब्रुवारी 2024 मध्ये अफगाणिस्तानच्या डॉट एएफखाली असलेलं क्विअर डॉट एएफ हे मॅस्टोडॉनचं डोमेन तिथल्या सत्ताधाऱ्यांनी बंद केलं. दोन्हीकडे सर्व्हरमध्ये बिघाड नव्हता. पत्ताच काढून घेतला गेला.

म्हणून दिसायला गमतीदार किंवा फुकट मिळालेलं डोमेन घेऊ नकोस. डॉट इन किंवा डॉट ओआरजी बरं. नोंदणी संस्थेच्या नावावर कर, एखाद्या उत्साही सभासदाच्या वैयक्तिक ईमेलवर ठेवू नकोस. आपोआप नूतनीकरण चालू ठेव आणि ज्या कार्डावरून पैसे जातात त्याची मुदत कधी संपते ते वहीत लिहून ठेव.

दुसरं असं की ॲप कुठे चालतं आणि सभासदाच्या नावापुढे काय दिसतं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. फेडिफायमध्ये फेडरेशन तयार करताना ओरिजिन नावाची सेटिंग आहे. तिच्यात हँडलचं डोमेन वेगळं आणि वेबचा पत्ता वेगळा देता येतो. संस्थेचं मुख्य डोमेन हँडलसाठी ठेव आणि ॲप उपडोमेनवर चालव. मग मुख्य डोमेनवर येणारी वेबफिंगरची विचारणा उपडोमेनकडे वळवायला विसरू नकोस. हे सगळं पहिला फॉलो यायच्या आधी ठरव.

आयडीमध्ये नाव घालू नकोस

प्रत्येक सभासदाला एक ॲक्टर आयडी लागतो, आणि हा आयडी म्हणजे एक पूर्ण वेब-पत्ता. बहुतेक जण त्यात युझरनेम घालतात, कारण दिसायला छान दिसतं. तू घालू नकोस. सभासदाचा डेटाबेसमधला न बदलणारा यूयूआयडी घाल. लोक लग्नानंतर नाव बदलतात, टोपणनावाचा कंटाळा येतो, कुणाला त्रास देणाऱ्यापासून लपायचं असतं. आयडीमध्ये नाव असलं की ते बदलताच बाहेरच्या सर्व्हरांना तो वेगळाच माणूस वाटतो. सातबाऱ्यावर नाव चुकीचं लागलं की पुढच्या प्रत्येक फेरफाराला ते आडवं येतं, तसंच हे आहे.

फेडिफायने याची सोय केलेली आहे. ॲक्टर डिस्पॅचरला आयडेंटिफायर म्हणून यूयूआयडी दे, आणि मॅप हँडल या फंक्शनमध्ये युझरनेमवरून यूयूआयडी शोधून परत दे. एवढंच.

युझरनेम रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढ्यातच असू दे. मॅस्टोडॉन देवनागरी युझरनेम स्वीकारत नाही, त्यामुळे आपला सभासद तिथल्या शोधात सापडणारच नाही. दाखवायचं नाव मात्र खुशाल मराठीत दे, तिथे काही अडत नाही.

किल्ली जपली तर घर आपलं

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर सभासदाच्या खासगी किल्लीने सही होते, आणि पलीकडचा सर्व्हर जाहीर किल्लीने ती तपासतो. प्रत्येक सभासदासाठी दोन जोड्या बनव: एक आरएसएची, एक ईडी25519 ची. मॅस्टोडॉनसारख्या बहुतेक ठिकाणी सही आरएसएचीच चालते. दुसरी जोडी संदेशाच्या आत बसणाऱ्या नव्या प्रकारच्या सहीसाठी लागते.

किल्ली सभासदाचं खातं उघडतानाच तयार कर आणि जेडब्ल्यूके स्वरूपात डेटाबेसमध्ये ठेव. सर्व्हर सुरू होताना दर वेळी नवी किल्ली बनवणारा कोड लिहिलेला मी नवशिक्यांच्या प्रकल्पांत पाहिलाय. सर्व्हर सुरू असेपर्यंत सगळं ठीक वाटतं आणि रीस्टार्टनंतर सह्या नाकारल्या जातात. काही सर्व्हर जुनी किल्ली जुळली नाही की नवी मागवून घेतात. सगळेच घेतील असं धरून चालू नकोस.

बॅकअप घेताना सभासद, त्यांच्या किल्ल्या आणि फॉलोअर्सची यादी हे तिन्ही एकाच वेळचं हवं. बॅकअप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून, दुसऱ्या जागी ठेव आणि अधूनमधून तो खरोखर परत उभा राहतो का ते करून बघ. किल्ल्या हरवल्या तर तुझ्या नावाने आधी गेलेल्या पोस्ट पुसायची विनंतीसुद्धा सगळे सर्व्हर मानतील याची खात्री राहणार नाही.

खऱ्या डोमेनवर प्रयोग करू नकोस, हेही यातच आलं. प्रयोगासाठी डेटाबेस पुसून तू पुन्हा सुरुवात करशील. तुझ्याकडे फॉलोअर शून्य असतील, पण पलीकडच्या सर्व्हरला वाटत राहील की त्याचा माणूस तुला अजून फॉलो करतोय. अशा अर्धवट नात्यांचा गुंता सोडवणं जिवावर येतं. फेडिफायच्या कमांड-लाइन साधनात टनेल नावाची कमांड आहे. ती तुझ्या लॅपटॉपवरच्या ॲपला तात्पुरता एचटीटीपीएस पत्ता देते. खेळायचं ते तिथे.

पुढच्या प्रॉक्सीला सगळं खरं सांगायला लाव

सही जुळत नाही ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा कोड बहुधा बरोबर असतो. गडबड मधल्या एन्जिनएक्ससारख्या प्रॉक्सीमध्ये असते. सहीमध्ये होस्टचं नाव, वेळ, मागणीचा मार्ग आणि मजकुराचा हॅश हे सगळं गुंफलेलं असतं. मध्ये कुणी यातलं एकही बदललं की सही खोटी ठरते. म्हणून चार गोष्टी क्रमाने तपास.

पहिली, प्रॉक्सीने मूळ होस्ट आणि मूळ प्रोटोकॉल पुढे पाठवायला हवा, आणि ॲपने प्रॉक्सीवर विश्वास ठेवायला हवा. एक्सप्रेसमध्ये त्यासाठी ट्रस्ट प्रॉक्सी चालू करावं लागतं. हे राहिलं तर ॲपला वाटतं आपण साध्या एचटीटीपीवर आहोत, आणि सगळे आयडी तसेच बनून बाहेर जातात. ओरिजिन आधीच ठाम दिलेलं असलं की हा धोका टळतो.

दुसरी, फेडिफायचं मिडलवेअर जेसन वाचणाऱ्या मिडलवेअरच्या आधी लाव. इनबॉक्समध्ये, म्हणजे बाहेरचे संदेश येतात त्या पत्त्यावर, आलेला मजकूर आला तसाच हॅश करावा लागतो. आधी दुसऱ्या कुणी तो वाचून टाकला तर तपासायला काही उरत नाही.

तिसरी, एकाच पत्त्यावर ब्राउझरला एचटीएमएल पान मिळतं आणि दुसऱ्या सर्व्हरला जेसन. काय द्यायचं ते ॲक्सेप्ट हेडरवरून ठरतं. मध्ये कॅश असेल तर तिला हा फरक कळायला हवा, नाहीतर वाचकाच्या पडद्यावर जेसन येतं आणि मॅस्टोडॉनला एचटीएमएल. व्हेरी हेडर पाठव, आणि तुझी सीडीएन ते मानते का ते बघ. मानत नसेल तर या पत्त्यांवर कॅश बंद ठेव. बॉट अडवणारी सुरक्षाही इनबॉक्सच्या पत्त्यावरून काढ. इथे येणारा प्रत्येक पाहुणा यंत्रच असतो.

चौथी, सर्व्हरचं घड्याळ. ते मागेपुढे गेलं की सह्या शिळ्या ठरतात. वेळ आपोआप जुळवणारी सेवा चालू आहे का ते एकदा पाहून घे.

आठवण मेमरीत ठेवू नकोस

फेडिफायच्या उदाहरणांत मेमरी केव्ही स्टोअर आणि इन-प्रोसेस मेसेज क्यू दिसतात. ते शिकण्यापुरते आहेत. खऱ्या सर्व्हरवर ते ठेवलेस तर रीस्टार्ट होताच रांगेतली पत्रं नाहीशी होतात, आणि कोणता संदेश आधीच हाताळलाय याची नोंदही जाते. तुझ्याकडे पोस्टग्रेस आहेच, त्याच्यावरच दोन्ही उभी कर. रेडिस असेल तर तेही चालेल. पण फक्त यासाठी नवीन सर्व्हिस आणू नकोस. जितकी यंत्रं कमी, तितकी रात्री झोप चांगली.

रांग का हवी तेही समजून घे. एका सभासदाला शंभर ठिकाणचे फॉलोअर असतील तर एका पोस्टमागे शंभर दारं ठोठवावी लागतात. काही बंद असतात, काही सावकाश उघडतात. सभासदाने बटण दाबल्यावर ते सगळं होईपर्यंत त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही. पोस्ट रांगेत टाकायची, सभासदाला लगेच मोकळं करायचं, आणि पोचवणं मागे चालू ठेवायचं. वर्दळ वाढली की रांग हाताळणारा प्रोसेस वेबपासून वेगळा कर. एकाच सर्व्हरवर बरेच फॉलोअर असतील तिथे शेअर्ड इनबॉक्सला प्राधान्य द्यायची सेटिंग वापर, म्हणजे तिथे एकच प्रत जाईल. छोट्या सर्व्हरांवरचा भार हलका ठेवणं हे इथलं शेजारधर्माचं काम आहे.

एका वेळी एकच पायरी

सगळं एकदम जोडून मग का चालत नाही म्हणून शोधत बसू नकोस. क्रम असा ठेव. आधी फेडिफायच्या लुकअप कमांडने हँडल शोध, म्हणजे वेबफिंगर आणि ॲक्टर दोन्ही ठीक आहेत का ते कळेल. मग दुसऱ्या सर्व्हरवरच्या चाचणी-खात्यातून फॉलो कर. फॉलो आल्यावर तो खरंच आपल्याच सभासदासाठी आहे का ते तपास, फॉलोअरचा आयडी आणि इनबॉक्स नोंदव, आणि उलट ॲक्सेप्ट, म्हणजे होकाराचा संदेश, पाठव. ॲक्सेप्ट गेलं नाही तर पलीकडच्या माणसाला विनंती प्रलंबित दिसत राहते. नवशिक्या बहुधा इथेच अडकतो.

त्यानंतर अनडू. फॉलो काढून घेणारा संदेश हाताळणं लोक विसरतात. मग ज्याने आपल्याला सोडलं त्याच्या दारात आपण पोस्टी टाकत राहतो. हा उद्धटपणा आहे. अनडू नीट चाललं की मगच पोस्ट पाठवायला घे: तयार करणं, दुरुस्ती, आणि पुसणं. पुसण्याचा कोड पहिल्या पोस्टच्या आधी तयार हवा.

तुझी परीक्षणं लांब असतात. मॅस्टोडॉनवर नोट हा प्रकार पूर्ण दिसतो, आणि लेख म्हणून पाठवलेल्या गोष्टीचं बहुधा शीर्षक आणि दुवा दिसतो. म्हणून छोटं टिपण नोट म्हणून पाठव. मोठ्या परीक्षणासोबत वाचावंसं वाटेल असा चार ओळींचा सारांश लिहायला सभासदांना सांग. बुकवर्मने हा प्रश्न कसा सोडवलाय ते त्याच्या कोडमध्ये पाहून घे. तोही उघडाच आहे.

सुरुवातीला लॉगमध्ये अनोळखी माणसांची खाती पुसल्याचे संदेश भराभर येतील, आणि त्यांची सही तपासता येणार नाही. घाबरू नकोस. कुठे खातं बंद झालं की तो सर्व्हर ओळखीच्या सगळ्या सर्व्हरांना कळवतो. खातंच गेलेलं असल्यामुळे किल्ली मागायला गेलं तर मिळत नाही. अशा माणसाची तुझ्याकडे नोंद नसेल तर सोडून दे.

मराठीची काळजी मराठी माणसानेच घ्यायची

किट लिहिणाऱ्यांना देवनागरीचे बारकावे माहीत असतीलच असं नाही, म्हणून हे तुझ्यावर आहे. हॅशटॅग ओळखणारा नियम फक्त अक्षरं धरत असेल तर #पुस्तक यातलं पहिलं प तेवढं टॅग होतं आणि उकारापाशी तुटतं, कारण युनिकोडमध्ये मात्रा अक्षरांच्या वर्गात नाहीत, त्यांचा वर्ग वेगळा आहे. नियमात तो चिन्हांचा वर्गही घाल.

अक्षरं मोजतानाही जप. क्षितिज या शब्दात डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्टच्या साध्या लांबीत ती सात भरतात. मर्यादा दाखवायची असेल तर इंटल सेगमेंटरने मोज, नाहीतर मराठी लिहिणाऱ्याची जागा विनाकारण कापली जाते.

कादंबऱ्या हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला र वापरतात, काही साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, शोधाला वेगळे. साठवताना मजकूर एनएफसी स्वरूपात आण, आणि शोधाच्या सूचीसाठी ही दोन रूपं तू स्वतः एक कर, कारण एनएफसी तेवढं करत नाही.

शेवटचं, प्रत्येक पोस्टबरोबर भाषेची खूण म्हणून एमआर पाठव. मॅस्टोडॉनवर लोक भाषेनुसार पोस्टी गाळतात. खूण नसेल तर मराठी शोधणाऱ्यापर्यंत मराठी पोचत नाही. आपलं लिहिणं आधीच कमी आहे, त्यातलं काहीच वाया जाऊ देऊ नकोस.

येणाऱ्यावर डोळे झाकून विश्वास नको

बाहेरून येणाऱ्या पोस्टी एचटीएमएलमध्ये असतात. परवानगी दिलेले टॅग सोडून बाकी सगळं काढून टाकणाऱ्या गाळणीतून गेल्याशिवाय एकही पोस्ट पडद्यावर दाखवू नकोस. बाहेरच्या पत्त्यांवरून काही आणताना फेडिफाय खासगी नेटवर्कचे पत्ते अडवतं. चाचणीसाठी ती अडवणूक काढायची सोय आहे, ती खऱ्या सर्व्हरवर कधीच काढू नकोस.

किट अद्ययावत ठेव. ऑगस्ट 2025 मध्ये फेडिफायमध्येच एक गंभीर दोष सापडला: स्वतःच्या किल्लीने सही करून दुसऱ्याच्या नावाने संदेश खपवता येत होते. दुरुस्त आवृत्त्या लगेच निघाल्या, पण ज्याने अपडेट केलं त्यालाच त्यांचा उपयोग झाला. सुरक्षेच्या सूचना तुझ्या ईमेलवर येतील अशी व्यवस्था आजच कर.

नोंदणी सर्वांना मोकळी ठेवू नकोस. फेब्रुवारी 2024 मध्ये फेडिव्हर्सवर कचरा-संदेशांची मोठी लाट आली. कुणी लक्ष देत नसलेले, मोकळ्या नोंदणीचे छोटे सर्व्हर तिचं साधन झाले. अशा सर्व्हरांना इतरांनी सरळ अडवलं, आणि तिथल्या निरपराध माणसांचीही वाट बंद झाली. एखाद्या माणसाला आणि एखाद्या पूर्ण डोमेनला अडवण्याची सोय, आणि बाहेरून येणारी तक्रार, म्हणजे फ्लॅग, कुणाच्या तरी नजरेस पडेल अशी जागा, हे दोन्ही पहिल्या दिवसापासून हवं. तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि ईमेल पानावर ठळक लिही. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 मध्ये तक्रार निवारण अधिकाऱ्याची तरतूद आहे, आणि 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीला महत्त्व देतो. संस्थेच्या वकिलाला एकदा दाखवून घे.

सभासदांना आधी विचार

हे सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या सभासदांनी परीक्षणं लिहिली ती कट्ट्यावरच्या माणसांसाठी. ती जगभर जाणार असतील तर त्यांचा होकार हवा, आणि तो खातं उघडतानाच्या लांबलचक अटींत दडवलेला चालणार नाही. सेटिंग मुळात बंद ठेव. जो चालू करेल त्याला साध्या मराठीत सांग: तुमचं लिखाण इतर सर्व्हरांवर जाईल, तिथे त्याच्या प्रती राहतील, पुसायला सांगितलं तर आम्ही सगळीकडे निरोप पाठवू, पण तो पाळणं त्यांच्या हातात आहे. खासगी संदेश दोन्हीकडच्या सर्व्हर चालवणाऱ्यांना वाचता येऊ शकतात, हेही सांग. जुनी परीक्षणं मागच्या तारखेने बाहेर पाठवू नकोस. ती लिहिली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

आणि उद्या एखाद्या सभासदाला दुसरीकडे जायचं असेल तर जाऊ दे. मूव्ह नावाचा संदेश फॉलोअर्सना नव्या पत्त्यावर नेतो. जुन्या पोस्टी सोबत जात नाहीत, म्हणून त्याचं सगळं लिखाण उतरवून घ्यायची सोय ॲपमध्ये ठेव. कंपन्यांच्या बंद वाड्यांना कंटाळून आपण इथे आलो, तर आपल्या वाड्याला तरी मागचा दरवाजा हवा.

सुरुवात कट्ट्याच्या एकाच खात्याने कर. सभासदांची खाती लगेच जोडू नकोस. त्या खात्यावरून फॉलो येणं, सोडून जाणं, पोस्ट, दुरुस्ती, पुसणं, तक्रार, बॅकअपवरून परत उभं करणं, हे सगळं एकदा तरी खऱ्या जगात होऊन जाऊ दे. मग जे मागतील त्या सभासदांसाठी दार उघड. थोडा उशीर झाला तर कुणी तुला बोल लावणार नाही, पण ज्यांचं लिखाण तू जगात पाठवशील त्यांचा पत्ता, किल्ली आणि शब्द आयुष्यभर जपायची जबाबदारी तुझी आहे. ती पेलायची तयारी झाली की मगच पहिली पोस्ट पाठव.